चित्र चालतं, तेव्हा आवाजानं काय करायचं?

रंगमंचावर एकच माणूस उभा आहे. मराठवाड्यातल्या एका खेड्यातलं लग्नाचं वऱ्हाड थेट लंडनला निघालंय, एवढं तो सांगतो. सांगता सांगता मान किंचित वळते, आवाजाचा पोत बदलतो, आणि सांगणारा नाहीसा होऊन त्याच जागी गावातला म्हातारा बोलायला लागतो. दोन वाक्यांनी म्हातारा जातो, त्याला उत्तर देणारी बाई येते, मग पुन्हा सांगणारा. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ पाहिलेल्या कुणालाही हे डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडणार नाहीत. बावन्न पात्रं आणि एक नट. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. देशपांडे आपल्या शहरातल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख होते. २००९ साली ते गेले.

त्या प्रयोगातला हशा सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला त्यातला सांधा महत्त्वाचा वाटतो: सांगणं कुठे थांबतं आणि घडणं कुठे सुरू होतं. पटकथा लिहिणाऱ्याला रोज अडवणारा प्रश्न हाच आहे. पडद्यावर माणसं काहीतरी करताहेत आणि त्याच वेळी कानावर एक आवाज पडतोय, तर त्या आवाजानं नेमकं बोलायचं काय? देशपांड्यांजवळ एकच देह होता. सांगणं आणि करून दाखवणं त्यांना एकाच श्वासात शक्य नव्हतं, आळीपाळीनंच करावं लागे. पटकथाकारावर तसं बंधन नाही. त्याच्या हाती चित्र आणि आवाज दोन्ही एकाच क्षणी असतात, आणि बहुतेक घोळ तिथेच होतो.

आधी शब्दांचा गुंता सोडवून घेऊ. पटकथेत पात्राच्या नावापुढे कंसात ‘व्हीओ’ लिहिलं, की त्याचा अर्थ असा: हा आवाज प्रेक्षकाला ऐकू येईल, पण दृश्य ज्या जागी घडतंय त्या जागेतला तो नाही. स्वयंपाकघरातून आई हाक मारते आणि आपल्याला ती दिसत नाही, तर तो व्हीओ नव्हे. आई तिथेच आहे, फक्त चौकटीबाहेर आहे. त्याला पटकथेत ‘ओएस’ म्हणतात; आपली नाटकं कधीपासून ‘आतून’ एवढ्या एका शब्दावर हे काम भागवत आली आहेत. फोनवर पलीकडचा माणूस फक्त ऐकू येत असेल, पत्र लिहिणाऱ्याच्या आवाजात वाचलं जात असेल, म्हातारपणी कुणी आपलं बालपण आठवत असेल, तर व्हीओ. ओळखायची सोपी खूण आहे. दृश्यातली माणसं तो आवाज ऐकून वळून बघू शकतात का? शकत असतील तर ओएस, नसतील तर व्हीओ. फोन तेवढा अपवाद, कारण तिथे कानाला लावणाऱ्याला ऐकू येतं. ध्वनिमुद्रणात हा फरक फार मोठा होतो. चौकटीबाहेरच्या आईच्या हाकेत त्या घराच्या भिंती आणि मधलं अंतर ऐकू यायला हवं. निवेदकाचा आवाज नंतर स्टुडिओत, माइकच्या जवळून येतो. तो प्रेक्षकाच्या कानाशी बसून बोलतो, आणि म्हणूनच त्याला फार थोडं बोललं तरी पुरतं.

आता एक उदाहरण. समजा, आपल्या मध्यवर्ती बसस्थानकावरची पहाट आहे. राजू नावाचा मुलगा शिकायला पुण्याला निघालाय. नव्या लेखकाचा पहिला खर्डा साधारण असा येतो:

राजू पिशवी घेऊन एसटीत चढतो. खिडकीजवळ बसतो. खाली आई उभी आहे. तिचे डोळे भरले आहेत.

राजू (व्हीओ): त्या पहाटे मी पुण्याच्या गाडीत बसलो. आई मला सोडायला आली होती. तिचे डोळे भरून आले होते.

निवेदनाच्या या तीन वाक्यांत चूक एकही नाही आणि कामाचंही एकही नाही. जे दिसतंय तेच ऐकू येतंय. प्रेक्षकाला आईचे डोळे दिसले होते, त्याच्या मनात काही हलू लागलं होतं, तेवढ्यात आवाजानं येऊन त्याचं बोट धरलं आणि ‘बघ, डोळे भरलेत’ असं सांगितलं. आता तेच दृश्य दुसऱ्या रीतीनं लिहून पाहू:

आई खिडकीतून डबा आत सरकवते.

राजू: कामून एवढं बांधलंस, आई? रस्त्यात खाईन की काहीतरी.

आई: असू दे.

गाडी हलते. डबा राजूच्या मांडीवर.

राजू (व्हीओ): सहा भाकरी होत्या. घरातलं पीठ त्या दिवशी संपलं होतं, हे मला दिवाळीत बहिणीनं सांगितलं.

राजू डबा पिशवीत कोंबतो. कानात इअरफोन घालतो. डोळे मिटतो.

इथे रडणं कुठेच नाही. संपलेलं पीठ कॅमेऱ्याला दिसू शकत नव्हतं, दिवाळीत कळलेली गोष्ट तर त्या पहाटे अजून घडलेलीच नव्हती. ते दोन्ही आवाजानं आणलं, आणि आणून झाल्यावर तो लगेच गप्प झाला. त्यानंतर राजूनं इअरफोन घालणं ही अगदी साधी हालचाल प्रेक्षकाला टोचते. व्हीओ नसता तर ती कुणाच्या लक्षातही आली नसती. जागाही पाहा. आवाज आला तो गाडी हलल्यावर. तो दोन ओळी आधी आला असता, तर आईचं ‘असू दे’ त्याच्याखाली दबून गेलं असतं. खऱ्या संवादाच्या तोंडावर निवेदन टाकू नये. एक तर संवाद ऐकू येईल, नाही तर निवेदन.

तिसरीही एक रीत आहे. आवाज म्हणतो, ‘मी वळून बघितलं नाही,’ आणि पडद्यावर राजू गाडीच्या मागच्या काचेला कपाळ टेकून, स्थानक दिसेनासं होईपर्यंत बघतो आहे. आता राजू आपल्याशी खोटं बोलतोय हे प्रेक्षकाला कळलं, आणि का बोलतोय याचा विचार तो स्वतः करू लागला. चित्र आणि आवाज यांत फट पडली की प्रेक्षक त्या फटीत शिरतो. ती फट राखून ठेवणं हेच माझ्या मते निवेदन लिहिणाऱ्याचं मुख्य काम.

आपल्याकडे माहितीपटांच्या आणि मालिकांच्या संहिता पान उभं दुभागून लिहायची रीत बरीच रुळलेली आहे. डावीकडे जे दिसतं ते, उजवीकडे जे ऐकू येतं ते. सरळ एकाखाली एक लिहायची पद्धत आता सगळीकडे आली असली, तरी व्हीओ असलेलं दृश्य एकदा तरी दुभागलेल्या पानावर उतरवून पाहावं असं मी सांगेन. डावीकडून उजवीकडे बोट फिरवा. डावीकडे ‘भरलेले डोळे’ आणि उजवीकडेही ‘भरलेले डोळे’ असं दिसलं, की उजवीकडचं खोडा.

हे सगळं परदेशी पाठ्यपुस्तकांतून शिकायची गोष्ट आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं पैठणकडे बघावं. शहरापासून पन्नासेक किलोमीटर. ‘पैठणची चित्रं’ या नावानं ओळखली जाणारी एकोणिसाव्या शतकातली कागदावरची चित्रं आज संग्रहालयांत आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्यांचा संग्रह पाहायला मिळतो. रामायण-महाभारतातले प्रसंग, ठसठशीत रेषा, मोठाले डोळे, भडक रंग, आणि दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. ही भिंतीवर टांगायची चित्रं नव्हेत. ही चित्रकथ्याची सामग्री आहे. एक चित्र पुढे धरायचं, त्याची कथा गाऊन आणि बोलून सांगायची, मग पालटून दुसरं. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख येतो. आज ही कला जिवंत आहे ती सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळीत, ठाकर समाजाच्या कलावंतांकडे. तिथे चित्रांच्या संचाला ‘पोथी’ म्हणतात. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली या कलेसाठी पद्मश्री मिळाली.

चित्रकथ्याच्या पोथीतला भीम गदा उगारून उभा असतो. तो पिढ्यान्‌पिढ्या तसाच उभा आहे. गदा खाली येते ती सांगणाऱ्याच्या आवाजात आणि टाळांच्या ठेक्यात. चित्र स्थिर आहे, म्हणून क्रिया आवाजानं करायची. ‘भीमानं गदा उगारली’ असं चित्रकथी म्हणतो तेव्हा ती पुनरुक्ती होत नाही. त्या वाक्यानं तो चित्राला धक्का देऊन चालायला लावतो. सिनेमात हा सौदा उलटा होतो. तिथे भीम खरोखरच गदा मारतो आणि आवाजाची जुनी नोकरी जाते. नवा लेखक मात्र पडद्यावर हलणारं चित्र असतानाही चित्रकथ्याचंच काम करत राहतो. राजू एसटीत चढला, राजू बसला. व्हीओच्या बहुतेक सगळ्या चुका या एका गैरसमजातून निघतात, असं मला वर्षानुवर्षं संहिता वाचून वाटू लागलं आहे.

अजिंठ्याला तर भिंतीच बोलत्या करायचा प्रयत्न झालेला दिसतो. १७ क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत विश्वंतर जातकाचा प्रसंग आहे. मंडपात राजपुत्र आणि त्याची पत्नी माद्री एकमेकांना बिलगून बसले आहेत, आणि तिथून जवळच तेच दोघं छत्राखाली चालत बाहेर निघाले आहेत. एकाच भिंतीवर तीच माणसं दोनदा. बसण्याच्या आणि चालण्याच्या मधलं काय ते रंगवलेलं नाही. राजपुत्राला राज्य का सोडावं लागलं, दानशूरपणाची ती सगळी कथा सांगायला माणूस लागतो. आज ते काम आपले गाईड करतात. चांगला गाईड ‘ही बाई, हा खांब’ असं सांगत बसत नाही. तो मधला न रंगवलेला भाग सांगतो आणि मग गप्प राहून तुम्हाला बघू देतो. २ क्रमांकाच्या लेण्यात तर चित्रांच्या सोबत आर्यशूराच्या ‘जातकमाले’तले श्लोक लिहिलेले सापडले आहेत. पंधराशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनाही चित्राशेजारी शब्द कुठे आणि किती ठेवायचा, हे ठरवावं लागलंच असणार.

स्थिर चित्राकडून चालत्या चित्राकडे येताना मधे मूकपटाचा काळ आहे. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये माणसं हलत होती पण बोलत नव्हती, आणि मजकुराच्या पाट्या पडद्यावर येत होत्या. जपाननं वेगळी वाट काढली. तिथे पडद्याशेजारी ‘बेन्शी’ नावाचा निवेदक प्रत्यक्ष उभा राहून सगळ्या पात्रांचे संवाद बोलायचा आणि मधली कथा सांगायचा. काही बेन्शी नटांइतके लोकप्रिय होते. आपल्याला ही पद्धत परकी वाटायचं कारण नाही. देशपांड्यांच्या शेजारी एक पडदा लावला की झाला बेन्शी. बोलपट आल्यावर बेन्शींचं काम गेलं. दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचे थोरले भाऊ बेन्शी होते आणि १९३३ साली त्यांनी आयुष्य संपवलं. पुढे त्याच कुरोसावांनी १९५० साली ‘राशोमोन’ केला, ज्यात एकच घटना चार जण चार तऱ्हांनी सांगतात आणि प्रत्येकाच्या सांगण्याबरोबर पडद्यावरची क्रियाच बदलते. सांगणं आणि घडणं यांचं नातं इतकं मुळापासून तपासणारा सिनेमा मला दुसरा माहीत नाही.

निवेदन म्हणजे पटकथाकारानं टाकलेली शस्त्रं, असं शिकवणारा एक मोठा वर्ग आहे. जे दाखवता येत नाही म्हणून सांगावं लागतं, ते लेखकाचं अपयश, असं ते म्हणतात. मला हे पटत नाही, निदान आपल्या मातीत तरी पटत नाही. आपल्याकडे सांगणाऱ्याला लपवायची रीत कधीच नव्हती. कीर्तनकार आख्यानात रावण होतो आणि पुढच्या क्षणी पुन्हा कीर्तनकार होऊन रावणाचं काय चुकलं ते सांगतो. पैठणच्या एकनाथ महाराजांची भारुडं सोंग घेऊन सादर होतात आणि सोंगाच्या आतूनच अर्थ उलगडतात. गोंधळी कथा लावतो, त्याचा साथीदार मधेच शंका विचारतो आणि कथा पुढे सरकते. परभणीच्या राजारामभाऊ कदमांचा गोंधळ ऐकलेल्या पिढीला हा खेळ ठाऊक आहे. या सगळ्यांत निवेदक समोर उभा असतो, त्याला अंग असतं, वेश असतो, हातात झांज किंवा संबळ असतं. त्यामुळे तो कोण, हा प्रश्न पडत नाही. सिनेमातला निवेदक दिसत नाही, म्हणून त्याला अंग द्यायची जबाबदारी लेखकावर येते. तो कोण आहे, कुठल्या काळातून बोलतोय आणि कुणाशी बोलतोय, एवढं लेखकाला स्वतःपुरतं तरी पक्कं माहीत हवं. पटकथेत ते लिहिलं नाही तरी चालेल. माहीत नसेल तर मात्र पहिल्याच वाक्यात उघडं पडतं.

बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’ मालिकेचं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर तिचे ९४ भाग झाले. पिढ्यांमागून पिढ्या ओलांडणारी कथा, माणसं शेकड्यांनी. ती कुणी सांगायची? पटकथा आणि संवाद लिहिणाऱ्या राही मासूम रझांनी काळालाच बोलतं केलं आणि हरीश भिमानी यांनी त्याला आवाज दिला. काळ कुठल्याही पात्राच्या मनात डोकावू शकतो, शंतनूच्या दरबारातून थेट कुरुक्षेत्रावर येऊ शकतो, आणि तो कुणाच्या बाजूचा नाही. निवेदकाची निवड योग्य झाली की पुढचे कित्येक प्रश्न आपोआप सुटतात, त्याचं याहून ठळक उदाहरण सापडणं कठीण.

मेलेला माणूस आपली गोष्ट सांगतो, ही कल्पना हॉलिवूडच्या ‘सनसेट बुलेव्हार्ड’मुळे जगभर गाजली. १९५० सालच्या या चित्रपटाच्या सुरुवातीला जलतरण तलावात एक प्रेत तरंगतंय आणि निवेदन करणारा आवाज त्याच माणसाचा आहे. तो माणूस पेशानं पटकथाकार, हेही लक्षात ठेवण्यासारखं. दिग्दर्शक बिली वाइल्डर यांनी आधी हीच सुरुवात शवागारात चित्रित केली होती. तिथे प्रेतं एकमेकांशी बोलत. चाचणी खेळात लोक हसले आणि ते सगळं काढून टाकावं लागलं. एकाच मेलेल्या माणसाचा आवाज लोकांनी स्वीकारला, गप्पा मारणारी प्रेतं स्वीकारली नाहीत. आपल्याकडे १९७४ साली पुण्याच्या थिएटर अकादमीनं सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ रंगमंचावर आणलं. त्यात मेलेला भाऊराव आपल्याच मरणाचं कीर्तन करतो. वाइल्डरचा मेलेला माणूस फक्त ऐकू येतो, आळेकरांचा भाऊराव आपल्यापुढे उभा राहून गातो. कीर्तनाची चौकट तयार होती म्हणून प्रेक्षकाला मेलेला माणूस बोलतोय हे विचित्र न वाटता कळलं. मराठी पटकथाकारानं या दोन कृती शेजारी ठेवून जरूर अभ्यासाव्यात.

माहिती सांगणारा निवेदक हा आणखी वेगळा प्रकार. सत्यजित राय यांनी १९७७ साली प्रेमचंदांच्या कथेवरून ‘शतरंज के खिलाडी’ केला तेव्हा अवधचं राजकारण प्रेक्षकाला समजावणं भाग होतं. अमिताभ बच्चन यांच्या आवाजातल्या निवेदनानं ते काम केलं. त्यांच्या कारकिर्दीची सुरुवात झाली त्याच १९६९ साली मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’मध्येही त्यांनी निवेदन केलं होतं. फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटांतला तो सर्वज्ञ, खर्जातला आवाज एका पिढीच्या कानात इतका मुरला होता की ‘निवेदन’ म्हटलं की लोकांना तोच आठवायचा. मराठीत अलीकडे २०२३ च्या ‘आत्मपॅम्फ्लेट’नं तो भारदस्तपणा पार बाजूला सारला. परेश मोकाशी यांनी लिहिलेल्या आणि आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात एका मुलाच्या पहिल्या प्रेमाची गोष्ट त्याच्याच आवाजात, भोवतालच्या राजकीय घडामोडींना गुंफत सांगितली जाते. आवाज जवळपास थांबतच नाही, तरी तो चित्राच्या अंगावर पडत नाही, कारण तो कधीही चित्राचं वर्णन करायला जात नाही.

आता भाषेविषयी, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. राजू बसस्थानकावर आईशी कसा बोलेल? ‘कामून एवढं बांधलंस?’ म्हणेल. बहीण त्याला फोनवर ‘आई रडायलीय’ असं सांगेल. मग निवेदनातला राजू ‘घरातलं पीठ त्या दिवशी संपलं होतं’ असं प्रमाण मराठीत का बोलतोय? हे लेखकानं ठरवून केलं असेल तर त्यात पूर्ण कादंबरी आहे. या पोरानं पुण्यात वीस वर्षं काढली, त्याची बोली बदलली, आणि आता तो आईच्या भाषेपासून दूर उभा राहून ती पहाट आठवतोय. ठरवून केलं नसेल तर तो नुसता आळस आहे. निवेदन म्हटलं की शुद्ध बोलायचं, ही आकाशवाणीच्या काळापासूनची सवय. उलट, निवेदनही मराठवाडी ठेवलं तर अर्थ असा होतो, की हा माणूस मनानं अजून त्याच स्थानकावर आहे. देशपांड्यांनी मराठवाडी बोली निव्वळ विनोदी पात्रांच्या तोंडी न ठेवता तिच्या बळावर तीन तासांचा प्रयोग उभा केला. बोलीला सांगणाऱ्याचा मान मिळाला, हे त्यांचं ऋण आपल्या भागातल्या प्रत्येक लेखकावर आहे.

काळाचंही तसंच. मराठीत ‘आई यायची’, ‘आई आली’, ‘आई आली होती’ आणि ‘आई येते’ या चारांत निवेदक चार वेगळ्या जागी उभा असतो. ‘यायची’ म्हटलं की रोजची सवय, म्हणजे पडद्यावरही एक विशिष्ट दिवस नसून अनेक दिवसांची सरमिसळ हवी. लेखक ‘यायची’ लिहितो आणि दिग्दर्शक एकाच सकाळचं दृश्य चित्रित करतो, मग संकलनात दोन्ही जुळत नाहीत. असे घोटाळे पानावरच दिसतात, फक्त मोठ्यानं वाचायला हवं.

वाचताना हातात घड्याळ घ्या. ‘तो रस्त्यानं चालत जातो’ एवढ्या क्रियेवर दहा ओळींचं निवेदन लिहिलेलं मी कितीदा तरी पाहिलं आहे. मग नटाला पैठणगेटपासून गुलमंडीपर्यंत चालवावं लागतं. निवेदन लांब असेल तर त्याच्याबरोबर घडणाऱ्या गोष्टीही तेवढ्या हव्यात, आणि निवेदन तोडून मधेमधे क्रिया लिहायला हवी, म्हणजे कुठला शब्द कुठल्या हालचालीवर पडतो ते दिसेल. सलग परिच्छेद टाकला तर ती निवड संकलकावर ढकलली जाते.

पुष्कळदा ती त्याच्याकडेच जाते, हेही खरं. टेरेन्स मॅलिक यांच्या १९७८ च्या ‘डेज ऑफ हेवन’मधलं लहान मुलीचं निवेदन चित्रीकरणानंतर, संकलनाच्या काळात आलं आणि त्या चित्रपटाचा प्राण ठरलं. ‘ब्लेड रनर’मध्ये उलट झालं. १९८२ साली निर्मात्यांना गोष्ट लोकांना कळणार नाही अशी भीती वाटली, म्हणून नायकाचं निवेदन घातलं गेलं. १९९२ च्या आवृत्तीत ते काढून टाकलं आणि चित्रपट बोलका झाला. दोन्हींना लावायची कसोटी एकच: आवाज बंद करून दृश्य बघायचं. काहीच हरवलं नाही, तर तो आवाज नको होता.

शहरात आता अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, तरुण मुलं लघुपट करताहेत, मोबाइलवर चित्रित करून स्वतःच्याच आवाजात निवेदन जोडताहेत. त्यांना माझी विनंती आहे. लक्ष्मण देशपांडे यांच्यानंतर संदीप पाठक यांनी ‘वऱ्हाड’ पुन्हा रंगमंचावर उभं केलं. जवळ प्रयोग लागला तर वही घेऊन जा. हसून झालं की दुसऱ्यांदा पाहा, आणि सांगणारा कुठल्या शब्दावर पात्र होतो आणि कुठल्या शब्दावर परत येतो, तेवढंच टिपा.